जुना ग्रामोफोन घेताना

आजोळच्या माळ्यावर सापडलेल्या बालगंधर्वांच्या किंवा हिराबाई बडोदेकरांच्या दोन-चार तबकड्या सुटकेसमधून स्टुटगार्टला आल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता वाजवायच्या कशावर? मग शनिवारी कार्ल्सप्लात्झच्या जुन्या बाजारात चक्कर होते, एखादा पितळी कर्णा उन्हात चमकताना दिसतो आणि हात खिशाकडे जातो. आमची विनंती अशी, की तिथे जरा थांबावं. यंत्र आज ना उद्या दुसरं मिळेल. पण ती तबकडी झिजली किंवा फुटली, तर तिची दुसरी प्रत मिळेलच असं नाही. म्हणून यंत्र निवडायचं ते तबकडीच्या सोयीनं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. फोनोग्राफ हा एडिसनचा, १८७७ सालचा; तो नळकांड्यावर चालतो. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, त्याचं पेटंट १८८७ चं. आपल्या घरांत होता तो हाच. बर्लिनर जन्मानं हॅनोव्हरचा, आणि १८९८ मध्ये तिथेच डॉइच ग्रामोफोन कंपनी सुरू झाली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, त्याच्या तबकड्या हॅनोव्हरला तयार होऊन बोटीनं हिंदुस्थानात परत गेल्या. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. गंमत म्हणजे तबकडी ज्यानं घट्ट धरून ठेवली जाते तो चपडा, म्हणजे लाख, मुख्यतः आपल्याकडूनच युरोपात जायची. लाख आपली, गाणं आपलं, छपाई मात्र हॅनोव्हरची!

यंत्राच्या बाबतीत आपण स्टुटगार्टकर नशीबवान आहोत. जवळच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं सांक्ट गेओर्गेन हे घड्याळजींचं गाव. चावी आणि स्प्रिंग हा त्यांच्या हातचा मळ. तिथे १९०७ पासून श्टाइडिंगर बंधूंचा कारखाना चालला आणि तो पुढे ग्रामोफोनच्या मोटारी करू लागला. १९२७ मध्ये त्यांनी चावीवरही चालेल आणि विजेवरही चालेल अशी जोडमोटार काढली. ‘डुआल’ हे पुढे प्रसिद्ध झालेलं नाव त्यावरूनच आलं. याच गावात जर्मन फोनो संग्रहालय आहे. खरेदीच्या आधी एक दिवस तिथे जाऊन यावं. अस्सल यंत्राचं ओतकाम, लाकडाचे सांधे, भुजेची ठेवण हे सगळं एकदा नजरेत बसलं, की नक्कल ओळखायला फार वेळ लागत नाही.

आणि नकला भरपूर आहेत. दुर्दैवानं त्यातल्या पुष्कळशा भारतातच तयार होतात. मुंबईच्या चोरबाजारात त्या मिळतात, तशाच युरोपातल्या बाजारांतही. पातळ झगझगीत पितळी कर्णा, नवी कोरी पेटी, वर कुत्र्याचं चित्र आणि आत कुठल्यातरी जुन्या पेटी-ग्रामोफोनमधून काढलेली मोटार. जर्मनीत तर एक सोपी खूण आहे. इथे कुत्र्याचा शिक्का १९४९ पर्यंत डॉइच ग्रामोफोनकडे होता आणि त्यावर मजकूर जर्मन असे. त्यामुळे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ असं इंग्रजी नाव मिरवणारं कर्णेवालं यंत्र ‘आमच्या आजीचं’ म्हणून कोणी दाखवलं, तर ते आलं कुठून हे जरूर विचारावं. उलट भारतातून खरोखरच शंभर वर्षांहून जुनं यंत्र आणायचं म्हटलं, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो. आधी चौकशी केलेली बरी.

आमचं मत विचाराल तर नवख्यानं कर्ण्याच्या फंदात पडूच नये. एचएमव्हीचं १९३१ मध्ये निघालेलं १०२ नंबरचं पेटी-ग्रामोफोन किंवा त्या धर्तीचं एखादं घ्यावं. दिवाणखान्यात ते शोभेचं नाही, पण वाजतं छान आणि दुरुस्तही होतं.

घेताना विक्रेत्याला चावी द्यायला सांगा. धाड्‌धाड्‌ असे धक्के ऐकू आले तर स्प्रिंगमधलं ग्रीस वाळलेलं आहे. ते काम जाणकाराचंच. स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नये, ती सुटली तर हात कापते. मग तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून फेरे मोजा : अर्ध्या मिनिटात ३९. साउंडबॉक्समधली रबरी कडी दगडासारखी झाली असेल तर आवाज चिरका येतो. ती बदलता येते. धातूला तडे गेले असतील तर मात्र यंत्र तिथेच ठेवून घरी यावं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सुईनं. पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. तबकडीतली खर तिला घासून खाचेच्या मापाची करते, आणि बाजू संपेपर्यंत तिचं टोक बोथट होऊन त्याला धारदार कडा आलेल्या असतात. तीच सुई पुन्हा वापरली की ती गाणंच खरवडते. ‘अजून चांगली दिसतेय की’ हे कारण चालत नाही. सुया शेकड्यानं मिळतात, महाग नाहीत. एलपी तर या यंत्रावर चुकूनही लावू नये. इथे सुईवर शंभर ग्रॅमच्या वर भार असतो, एलपीला दोनेक ग्रॅम पुरतात.

दुर्मीळ तबकडी असेल तर ती चावीच्या यंत्रावर न लावता ७८ फेऱ्यांच्या विजेच्या टर्नटेबलवर, ७८ साठीची रुंद सुई लावून एकदा वाजवावी आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी. एलपीची सुई त्या खाचेत तळाशी जाऊन नुसती खरखर ऐकवते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, हायत्सुंगपासून लांब. पुसायला कोमट पाणी आणि साबणाचा एखादा थेंब पुरे, लेबल कोरडं ठेवून. स्पिरिट अजिबात नको, त्यात लाख विरघळते. आणि यंत्र बंद करताना उरलेली चावी फिरून संपू द्यावी. ताणलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने तशीच राहिली तर कमजोर होते.