खुडूक कोंबडी आणि थर्माकोलचा खोका : एकवीस दिवसांचा पाठ



आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या मुलांना कोंबडी काही नवीन नाही. रस्त्याने जाताना पोल्ट्रीच्या लांबलचक शेड दिसतात. अनेकांच्या घरामागे चार गावरान कोंबड्या असतातच. तरीही वर्गात एकदा विचारून बघा, "दुकानातून आणलेलं अंडं उबवलं तर पिल्लू निघेल का?" बरेच हात वर येतील. मग सांगायचं की अंड्यांसाठी पाळलेल्या पोल्ट्रीत कोंबड्यांबरोबर कोंबडा नसतो. म्हणून ते अंडं फलित नसतं, कितीही ऊब दिली तरी त्यातून पिल्लू निघत नाही.

हल्ली घरगुती इनक्युबेटर म्हणजे उबवणी यंत्र सहज मिळतं. थर्माकोलचा खोका, बल्ब, छोटा पंखा आणि तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट एवढ्या साहित्यात घरीही बनवता येतं. पण पहिल्यांदाच अंडी उबवणार असाल, तर यंत्राच्या आधी खुडूक कोंबडी समजून घ्या. यंत्रातली प्रत्येक सोय तिच्या एकेका सवयीची नक्कल आहे. मुलांना हे जोडून दाखवलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

अंडी कशी निवडायची?

जिथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा आहे, तिथली अंडी घ्या. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. मध्यम आकाराची, स्वच्छ आणि न तडकलेली हवीत. अंडी धुऊ नका, कारण कवचावर जंतूंना अडवणारा नैसर्गिक पातळ थर असतो. फ्रिजमध्येही ठेवू नका. थंड जागी, रुंद टोक वर करून ठेवा. गाडीवरून आणली असतील तर यंत्रात घालण्याआधी बारा तास तरी स्थिर राहू द्या.

ऊब : तिचं पोट आणि आपला बल्ब

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायचं. पंखा नसेल तर खोक्यात वर गरम आणि खाली गार अशी हवा राहते, म्हणून अंड्यांच्या वरच्या बाजूला मोजून सुमारे ३८.५ अंश ठेवतात. यंत्रावरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ताप बघायचा थर्मामीटर आत ठेवून पडताळा घ्या आणि रिकामं यंत्र एक दिवस चालवून बघा. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवत, तेव्हा थर्मामीटर नव्हता. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत! हे मुलांना फार आवडतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मे महिन्यात बाहेरच ४० अंश असतं. साधं यंत्र हवा तापवू शकतं, थंड करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत बल्ब बंद असला तरी आतलं तापमान वाढतच राहतं. गर्भाला थोडा वेळ गारवा चालतो, पण जास्त उष्णता लवकर जीव घेते. म्हणून पहिला प्रयोग थंडीच्या दिवसांत किंवा पावसाळा संपल्यावर करा. लाइट तासभर गेली तर घाबरू नका. झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका, मात्र हवेची भोकं मोकळी ठेवा. कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठतेच की.

ओलावा : अंडं श्वास घेतं

कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून प्राणवायू आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ ते १३ टक्के कमी व्हायला हवं. म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं सुमारे ४४ ग्रॅमवर येतं. जेवढं पाणी जातं, तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. या काळात आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवतात. आपला भाग पर्जन्यछायेचा, हवा कोरडी. त्यामुळे आत पाण्याची वाटी लागतेच. पाणी किती खोल आहे यापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती पसरट आहे, याला महत्त्व आहे.

आर्द्रतामापक बरोबर आहे का, हे मुलांनाच तपासू द्या. बाटलीच्या झाकणात ओलसर केलेलं मीठ आणि शेजारी मापक, दोन्ही हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. ७० आला, तर आपला मापक पाचने कमी दाखवतो, असं समजायचं.

फिरवणं आणि बॅटरी लावून बघणं

कोंबडी चोचीने अंडी सारखी हलवत असते. तसं केलं नाही तर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. आपण दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवायची. विषम संख्या अशासाठी की रात्रभर रोज तीच बाजू वर राहू नये. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसरीला गोल काढा. अंडी हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचेच.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याला बॅटरी लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला, की गर्भ वाढतोय. काहीच दिसत नसेल तर बहुधा अंडं फलित नव्हतं. नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. अशी अंडी बाजूला काढा.

शेवटचे तीन दिवस : हात मागे

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. अंडी आडवी ठेवा, खाली गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के करा. यानंतर झाकण उघडायचं नाही. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोच हवेच्या पोकळीत घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. मग कवचाला पहिला टवका पडतो. तिथून पूर्ण बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागतात.

मुलं इथेच म्हणतात, "सर, ते अडकलंय, आपण फोडू या ना!" मोठ्यांचाही हात शिवशिवतो. पण त्या वेळी आतल्या पडद्यात अजून रक्त असतं आणि पिवळा बलक पोटात ओढला जात असतो. आपण कवच सोललं तर रक्तस्राव होतो. झाकण उघडलं की ओली हवा निसटते, पडदा कागदासारखा वाळून पिल्लाला आवळतो. मदत म्हणून केलेली घाईच जीव घेते. निघालेलं पिल्लू पूर्ण वाळेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यातून शेडपर्यंत येतात, ती याच बळावर.

आधीच ठरवायच्या गोष्टी

पिल्लं कुठे वाढणार? साधारण निम्मे नर निघतील, त्यांचं काय करणार? याचं उत्तर पालकांशी बोलून अंडी ठेवण्याआधी ठरवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, लांब पळाली तर उकडतंय. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात लागते. ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आणखी एक. न निघालेली अंडी मुलांच्या नकळत फेकू नका. तक्त्यात त्यांचीही नोंद करा. समजा १२ अंडी ठेवली, २ फलित नव्हती आणि ७ पिल्लं निघाली. मग १२ पैकी ७ म्हणजे ५८ टक्के, पण फलित १० पैकी ७ म्हणजे ७० टक्के. उरलेल्या तिघांचं काय झालं असेल, यावर बोलू द्या. मूल हिरमुसलं तर हिरमुसू द्या, शेजारी बसा. जीव सांभाळणं म्हणजे काय, हे त्याला तिथेच कळतं.

मुलांसाठी गृहपाठ :
१. आजीला विचारा : खुडूक कोंबडी कशी ओळखायची? तिच्याखाली किती अंडी ठेवायची?
२. शुक्रवारी अंडी ठेवली तर पिल्लं कोणत्या वारी निघतील? का?
३. दर तीन दिवसांनी एका अंड्याचं वजन करून अठराव्या दिवसापर्यंतचा आलेख काढा.