रविवारी पाहिलेलं शहर

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की डिंभ्याच्या अलीकडे शिनोली लागते. नवं शहर निवडताना सपशेल फसलेला हा माणूस तिथला. त्याचं नाव सांगायची गरज नाही. प्रस्तुत लेखकाशी त्याचं नातं इतकं जवळचं आहे की दोघांचा आधार क्रमांकही एकच आहे. पण स्वतःची फजिती 'मी, मी' करत सांगताना जीभ अडखळते, म्हणून इथे तो 'तो'च राहील.

घोडेगावात त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. तालुक्याचं नाव आंबेगाव असलं तरी ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तहसील कचेरी आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावात. त्यामुळे दाखल्यांच्या झेरॉक्सवर एका कुटुंबाचं पोट भरत होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कचेऱ्या ओस पडल्या आणि दुकानाचं भाडं मात्र चालू राहिलं. वर्षभरात उधारी इतकी वाढली की बाजारच्या दिवशी तो मागच्या गल्लीने घरी जायला लागला. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, जिथे 'दुकानाचं काय झालं?' असं विचारणारं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी जायचं.

शहर निवडायला त्याने शंभर पानी वही घेतली. मुंबई, पिंपरी-चिंचवड, नाशिक असे तीन रकाने आखले. भाडं, पगार, शाळा, दवाखाना, हवा, प्रत्येकाला दहापैकी गुण. हवेला नाशिकला नऊ मिळाले. ते कुठल्या आधारावर, हे त्याला आजही सांगता येत नाही.

वडील ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "आरं, वही कशाला? जिथं आपलं माणूस हाय तिथं पाय ठेवायचा. नाय पटलं तर सांजच्या गाडीनं माघारी." त्याला ते अडाणीपणाचं वाटलं. आता वाटत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या माणसांनी शंभर वर्षं शहरं अशीच निवडली. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा होऊन वयाच्या बाविसाव्या वर्षी हुतात्मा झाला. ज्याला चरितार्थासाठी तालुका सोडावा लागला, त्याचंच नाव आज तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या जलाशयाला आहे. मुंबईचे डबेवाले घ्या: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली ही माणसं. पोरगा गावाहून निघायचा तो थेट नातलगाच्या नाहीतर गाववाल्याच्या खोलीवर. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोप. सुख नव्हतंच. पण आज ज्याला आपण 'ट्रायल' म्हणतो ती त्या खोलीत आपोआप व्हायची. अनामत नाही, करार नाही. दोन महिन्यांत शहराने नाकारलं तर पोरगा गावी परत येऊन नांगरणीला लागायचा आणि त्याला कुणी 'हरला' म्हणायचं नाही.

या पद्धतीतही खोट होती, ती लपवायचं कारण नाही. सगळ्यांच्या टोप्या एकाच खुंटीला टांगलेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची खुंटीच उपटली गेली. मार्च २०२० मध्ये डबे बंद झाले तेव्हा एकाच घरातले भाऊ, चुलते, पुतणे एकाच दिवशी बिनकामाचे झाले. गाववाला खोली देतो, पण बहुधा त्याच्याच धंद्यातलं काम देतो. तेव्हा वडिलांचं निम्मंच खरं होतं. त्याने ते निम्मंही घेतलं नाही.

वहीत पिंपरी-चिंचवडला सर्वांत जास्त गुण पडले. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी काम मिळत होतं, मोशी-चिखलीकडे खोली परवडत होती. तो खोली बघायला गेला तो रविवार होता. एप्रिल महिना, रस्ता मोकळा. मोशीहून चाकण त्याने मित्राच्या मोटारसायकलवर वीस-पंचवीस मिनिटांत गाठलं आणि वहीत लिहिलं: 'प्रवास: उत्तम.'

सोमवार उजाडला. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात पहिल्या पाळीची वाहनं, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि राजगुरुनगरहून येणारी एसटी असं सगळं एकमेकांत अडकलेलं. चाकणची कोंडी माहीत नाही असा माणूस शिनोलीत शोधून सापडणार नाही. भीमाशंकरची पुण्याला जाणारी गाडी मंचर, राजगुरुनगर करत त्याच चौकातून जाते. गाडीच्या खिडकीतून ती कोंडी त्याने शंभर वेळा पाहिली होती. पण तेव्हा तो पाहुणा होता. रोज त्यातून जायचं म्हणजे दिवसाचे तीन तास रस्त्याला द्यायचे, हे वहीच्या कुठल्याही रकान्यात बसलं नव्हतं.

मग पाणी. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली, आणि तात्पुरती म्हणून आलेली ती व्यवस्था वर्षानुवर्षे तशीच राहिली. खोली दाखवताना मालकाने नळ सोडून दाखवला होता, धो धो. तो पाण्याचा वार होता, एवढंच. ज्याच्या गावामागे आख्खं धरण भरलेलं, त्याच्या बायकोने पहिल्याच महिन्यात चार निळी पिंपं विकत आणली आणि त्यांतली दोन स्वयंपाकाच्या ओट्यासमोर ठेवल्याने घरात आडवं होऊनच चालावं लागायचं. तिने तक्रार केली नाही. फक्त एकदा विचारलं, "वहीत पाण्याला किती गुण होते?" पाण्याचा रकानाच नव्हता.

तीस हजार रुपये अनामत त्याने रोख दिली, पावती घेतली नाही. 'आपलाच माणूस आहे' असं एजंट म्हणाला होता. तो कुणाचा माणूस होता ते पुढे कळलं. सहा महिन्यांनी खोली सोडताना रंगकाम, नळदुरुस्ती, 'मेंटेनन्स' असं करत हातात नऊ हजार आले. भांडायला कागद नव्हता. दुसऱ्यांचे कागद झेरॉक्स करण्यात ज्याची दहा वर्षं गेली, त्याच्याजवळ स्वतःचा एक कागद नसावा, यावर बायको अजून हसते.

वास्तविक कायदा भाडेकरूच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालकाने ती टाळली तर त्याला दंड किंवा कैद होऊ शकते. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते चूक आहे. आता ही नोंदणी ऑनलाइन होते, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. खोली बघताना भिंतींचा रंग बघायच्या आधी 'करार नोंदवणार ना?' एवढं विचारावं. मालकाचा चेहरा बरंच काही सांगून जातो.

सर्वांत मोठी चूक त्याच्या हातून व्हायची होती. भाड्याला कंटाळून त्याने चिखलीकडे दीड गुंठा बघितला. दर निम्म्याने कमी, व्यवहार नोटरीवर, 'पुढेमागे नियमित होणारच.' पन्नास हजार विसार देऊन झाल्यावर कंपनीतल्या एका वयस्क फिटरने विचारलं, "रेड झोन बघितला का?" त्याला वाटलं फिटर नदीबद्दल बोलतोय. इथे नवा माणूस हमखास फसतो, कारण या भागात लाल दोन आहेत. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा जो बांधकामबंदीचा पट्टा आहे, त्याला लोक रेड झोन म्हणतात. दिघी-भोसरीकडेही लष्कराचा असा पट्टा आहे. नदीकाठची लाल रेषा निराळी. ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत, नदीच्या जवळची निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, आणि तिच्या आत घर बांधायला मनाई.

विसार बुडाला. त्याला तेव्हा ते फार वाटलं. १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले छत्तीस बंगले महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. त्या बंगल्यांत राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती. बातमी पाहताना त्याला पन्नास हजार स्वस्त वाटले.

नोटरीने जमीन नावावर होत नाही. त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखतच लागतं. त्याआधी सातबारा, फेरफार, महापालिकेतला झोन दाखला, आणि नदी जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा. घर नव्या इमारतीत घ्यायचं असेल तर महारेरावर प्रकल्पाची नोंद पाहावी. मे २०१७ पासून ही सोय आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. घोडेगावात तो हेच उतारे लोकांना वीस रुपयांत काढून द्यायचा. स्वतःच्या वेळी काढले नाहीत.

हे फक्त त्याच्यासारख्या एकट्याचंच होतं असं मात्र नाही. डिंभ्यापलीकडचं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. उरलेल्यांसाठी आमडे इथे नवी जागा निवडली, तज्ज्ञांनी पाहिली, घरं बांधली आणि २ एप्रिल २०१७ रोजी लोकार्पण झालं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या गावातले रस्ते खचले, भराव सुटला, आणि मोडलेल्या मनाने नव्याने उभी राहिलेली ती माणसं पुन्हा धास्तावली. सरकार आणि तज्ज्ञ हाताशी असूनही पहिल्या पावसाने जे दाखवलं ते कोरड्या दिवसांत दिसलं नव्हतं. एकट्यादुकट्याने तर जागा आधी पावसातच बघावी.

दुसऱ्या वेळी त्याने शहर बदललं नाही. वही मात्र फेकली. भोसरीत चुलत्याकडे दोन महिने एकटा राहिला, बायको-मुलं शिनोलीलाच. मुलांची शाळा वर्षाच्या मधोमध तोडायची नाही, हे बायकोने ठरवलं आणि ते बरोबर होतं. त्याने जुलैत, पाऊस चालू असताना, कामाच्या वारी, पाळी सुटायच्या वेळी खोल्या पाहिल्या. मालकाला विचारायच्या आधी खालच्या किराणावाल्याला विचारलं, टँकर किती वेळा येतो. भिंतीची ओल हाताने चाचपली. रेशनकार्ड गावचंच ठेवलं. आता धान्य कुठल्याही दुकानातून अंगठ्यावर मिळतं, त्यासाठी गावातलं नाव कापायची घाई करायचं कारण उरलेलं नाही. चाकणचं काम सोडून भोसरीतच, घरापासून चालत जाता येईल असं काम धरलं, पगार दोन हजारांनी कमी. ते दोन हजार तो पेट्रोलमध्ये आणि झोपेत वसूल करतो. खोली जुनी आहे, जिना अरुंद. नाशिक फाट्याहून शिनोलीची गाडी मिळते.

'दुकानाचं काय झालं?' असं आता भोसरीतही गाववाले विचारतात. तो सांगतो, बंद पडलं. गावापासून लांब पळायला म्हणून जे शहर निवडलं होतं, तिथे हे दोन शब्द सहज सांगता यायला त्याला दीड वर्ष लागलं.

परवा मावसभावाच्या पोराचा फोन आला. बारावी झाली आहे, पुण्यात यायचंय. हिंजवडी बरी की वाघोली, त्याने मोबाइलवर तक्ता केलाय, पाठवू का? शिनोलीच्या माणसाने तक्ता मागवला नाही. म्हणाला, "सोमवारी पहाटेच्या गाडीनं ये. वाकडेवाडीला उतर, तिथून दोन्हीकडं जाऊ, बसनं. संध्याकाळी सहा वाजता परत निघू."

पोरगा म्हणाला, "दादा, सोमवारी पाऊस सांगितलाय."

"मग छत्री आण."