खोडरबर घरी ठेवा

सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायची, स्मरणचित्रातल्या माणसांचे हातपाय सरळ करून घ्यायचे, निकालात 'ए' ग्रेड किती ते बघायचं. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका मानसशास्त्रज्ञ ताईंनी त्यांच्या कलोपचाराच्या गटात मदतीला बोलावलं. उपचार त्या करतात. मी कागद, रंग, माती मांडतो, ब्रश धुतो आणि बघत बसतो. बघता बघता जे ध्यानात आलं, ते सांगतो.

१. खोडरबर मागेल त्याला देऊ नये.

मोठ्या माणसांपुढे कागद ठेवला की पहिली मागणी खोडरबराची. पाठोपाठ, "सर, मला चित्रकला येत नाही हं, आधीच सांगते." पहिल्या दिवशीचं चित्रही बहुतेकांचं एकच असतं: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी, वर चार पक्षी. बँकेतून निवृत्त झालेले साहेब असोत की नववीतला मुलगा. ते येऊ द्यावं. त्यात चुकण्याची भीती नसते. त्यानंतर कुणी आपणहून दुसरा कागद मागितला की कामाला सुरुवात झाली म्हणायचं.

"वा, छान जमलंय!" हेही गिळायला शिकावं लागतं, आणि माझ्यासारख्या मास्तराला ते फार जड जातं. कौतुक केलं की पुढच्या वेळी माणूस आपल्याला खूश करायला तेच चित्र पुन्हा काढतो.

२. कुणाच्या हातात काय द्यायचं, यावर निम्मं काम अवलंबून असतं.

पेन्सिल आणि तेलखडू हाताच्या ताब्यात राहतात. जलरंग राहत नाहीत, पाणी नेईल तिकडे जातात. जो आधीच सैरभैर आहे त्याच्यापुढे ताई जलरंग ठेवत नाहीत. उलट पट्टीने आखल्याशिवाय रेघ न मारणाऱ्याला त्या हळूहळू ओल्या कागदाकडे नेतात.

मातीची गोष्ट आणखी वेगळी. पत्नी गेल्यापासून घरात कुणाशी न बोलणारे एक काका मुलगा आणून सोडायचा म्हणून यायचे. रंगांना हात लावत नसत. एकदा शाडूचा गोळा पुढे ठेवला. बराच वेळ तो नुसता तिंबत राहिले. मग चपटा करून एक पोळपाट केला, छोटं लाटणं वळलं आणि मातीच्या पोळ्या लाटायला लागले. तळहाताएवढ्या, चांगल्या जाड. ताई शेजारी बसून होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "किती करायच्यात?" काका म्हणाले, "ती जाडच करायची. मला पातळ आवडायच्या. जन्मभर बोललो तिला त्यावरून." आणि मग ते रडले. रडणं थांबल्यावर कडा फाटलेली एक पोळी त्यांनी बोटाला पाणी लावून नीट सांधली. हे कुठल्याही प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांच्या तोंडून आलं नसतं. हाताला काम होतं, नजर खाली होती, कुणाकडे बघून बोलायची सक्ती नव्हती.

३. काळा रंग म्हणजे दुःख, असा कोश करू नये.

एका मुलाने पानभर काळं केलं. आई घाबरली. ताईंनी विचारलं, "याबद्दल सांगशील मला?" तो म्हणाला, "बाकीचे खडू तुटके होते." चित्राचा अर्थ चित्र काढणाऱ्याकडेच असतो, बघणाऱ्याकडे नाही. घरबसल्या चित्र वाचून स्वभाव सांगणाऱ्यांकडे मी त्यामुळे कुडमुड्या जोशाकडे बघावं तसाच बघतो.

४. नाव साहेबाचं असलं तरी गोष्ट साहेबाचीच आहे असं नाही.

एड्रियन हिल हा इंग्लंडचा चित्रकार १९३८ साली क्षयरोगाने मिडहर्स्टच्या आरोग्यधामात दाखल झाला. खाटेवर पडल्या पडल्या तो समोरच्या वस्तू रेखाटायचा. त्याने स्वतःला बरं वाटलं, म्हणून पुढे इतर रुग्णांनाही तो चित्रं काढायला लावू लागला. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ सालचा, आणि तो त्याचा.

आता आपल्या डहाणूकडे या. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली आणि या मुलाचं बोलणंच बंद झालं. काही वर्षं तो मातीत रेघोट्या ओढून आपलं म्हणणं सांगायचा. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिणं हे बायकांचं काम. म्हसे पुढे तीच चित्रं रोज काढू लागले, कागदावर आणि कापडावर त्यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. तो काही उपचार नव्हता, कुणी डॉक्टर शेजारी बसलेला नव्हता. पण वाचा गेलेल्या पोराला धूळ आणि बोट पुरलं, ही गोष्ट मी गटात नेहमी सांगतो.

५. हात चांगला असण्याशी याचा संबंध नाही.

हे माझ्या पोटावर पाय देणारं वाक्य आहे, तरी खरं आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, कोलाज किंवा मातीकाम करायला दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलं. ज्यांना चित्रकलेचा फारसा अनुभव नव्हता त्यांच्यातही. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. प्रयोग छोटा, माणसं निरोगी आणि बैठक एकच, तेव्हा त्यावरून "चित्र काढा, नैराश्य घालवा" अशा पाट्या लावू नयेत. मन थोडं सैल होतं, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

६. चित्र त्या माणसाचं.

"सासऱ्यांचं चित्र स्टेटसला ठेवू का?" असं सूनबाई कौतुकानेच विचारतात. नाही. त्यांनी दिलं तरच न्यायचं. फाडून टाकलं तरी अडवायचं नाही.

७. मंडलाचं पुस्तक रंगवणं वेगळं, उपचार वेगळा.

रंगवा, जरूर रंगवा. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण कलोपचार म्हटला की समोर शिकलेलं माणूस हवं. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय कुणी स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेतलं तर तो गुन्हा ठरतो. आपल्याकडे दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून लोक मोकळे होतात. फी भरण्याआधी विचारा: मानसशास्त्राचं शिक्षण कुठे झालं, किती काळ, जड प्रसंग आला तर कुणाकडे पाठवता? उत्तर द्यायला जो चिडेल, तिथून चप्पल घालून निघा.

आणि गोळ्या चालू असतील तर रंगांच्या भरवशावर त्या बंद करू नका. जगणंच नको वाटत असेल तर पुढच्या गटाची वाट बघू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही मिळते.