आजीच्या माळेतले पोवळे

आमच्या आजीच्या गळ्यात पोवळ्याची माळ आहे. तिच्यात अकरा पोवळी आणि दोन सोन्याचे मणी आहेत. ही माळ आजीच्या आईची होती. पोवळे लाल असते, पण कुंकवासारखे गडद नसते. आमच्या मळ्यात टोमॅटो पिकायला लागले म्हणजे जो रंग येतो ना, तसा त्याचा रंग असतो. (पोवळा नावाचा एक सापही आहे. त्याचे पोट लाल असते. तो विषारी आहे, हात लावू नये.)

मला वाटायचे, पोवळे म्हणजे खाणीतला दगड. बाईंनी सांगितले की तो समुद्रातल्या प्राण्याचा सांगाडा आहे. मी तर चकितच झाले! आमचे गाव सिन्नर तालुक्यात, मी अजून समुद्र पाहिलेला नाही.

पोवळ्यालाच प्रवाळ म्हणतात. हा प्राणी अगदी लहान असतो. जुन्या पुस्तकांत त्याला प्रवाळकीटक म्हटले आहे, पण तो किडा नाही, जेलीफिशच्या नात्यातला आहे. तोंडाभोवतीच्या बारीक हातांनी तो पाण्यातले भक्ष्य पकडतो. असे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचा सांगाडा बांधतात. त्याला झाडासारख्या फांद्या फुटतात, म्हणून पूर्वी लोक त्याला झाडच समजत. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांच्या सांगाड्यांवरच तयार झाली. पाणी फार तापले की तिथले प्रवाळ पांढरे पडतात व पुष्कळ मरतात. १९९८ साली तसे झाले होते. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. हे प्रवाळ तोडायला व विकायला कायद्याने बंदी आहे.

दागिन्यातले लाल पोवळे निराळे. ते इटलीजवळच्या भूमध्य समुद्रात होते. त्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. म्हणजे आजीचा एक मणी व्हायला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षे लागली असणार! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते जहाजाने भडोच बंदरात येत असे. आपल्या पैठणचा माल त्याच बंदरातून बाहेर जाई.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीची मोटार जळाली. बाबा म्हणाले, माळ मोडू. आजी काही बोलली नाही. आम्ही नाशिकला सराफ बाजारात गेलो. एका दुकानात सांगितले, पोवळी काचेची आहेत, फक्त सोन्याचे पैसे मिळतील. आजी एसटीत घरापर्यंत गप्प बसली होती. माळ तिने मुठीत धरली होती.

शाळेत बाईंनी अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळून दाखवले होते. टरफलात चुना असतो म्हणून बुडबुडे येतात. काचेवर येत नाहीत. मी आजी झोपल्यावर एका मण्यावर लिंबाचा थेंब टाकला. बारीक बारीक बुडबुडे आले! मी ओरडलेच. आजी उठली. मी मणी पुसला, तर त्याची चकाकी गेलेली, पांढुरका डाग पडलेला.

"अगं पोरी, काय केलंस हे?"

मी रडत रडत म्हटले, "आजी, काच नाहीये गं!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितले की दुसरे स्वस्त प्रवाळ रंगवून विकतात, त्यालाही बुडबुडे येतात. म्हणून शाळेचे भिंग दिले. मण्यावर केसासारख्या उभ्या रेघा दिसल्या. खऱ्या पोवळ्याला त्या असतात. बाबांनी दोनदा भिंगातून पाहिले. मग मामांकडून उसने पैसे आणून मोटार भरून घेतली.

आजीने माळ परत ओवली. डागाचा मणी तिने मागे, गाठीजवळ घातला आहे. कुणी माळ पाहायला मागितली की ती आधी तोच दाखवते.