फोटो भारी आहे, मग रिजेक्ट का होतो?

स्टॉक फोटोग्राफीच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त प्रश्न हाच आला : "सर, फोटो सगळ्यांना आवडला, तरी एजन्सीने नाकारला. कॅमेरा बदलू का?" एक जण तर 55 हजारांची लेन्स हप्त्यावर घ्यायला निघाला होता. त्याला म्हटलं, थांब. आधी रिजेक्ट झालेले सगळे फोटो आणि त्यांची कारणं मला पाठव.

माझंही सुरुवातीला हेच झालं होतं. पालखी आमच्या फलटणला मुक्कामी असते, तेव्हा वारीतल्या एका आजींचा चेहरा टिपला होता. आजही तो माझ्या स्टुडिओत भिंतीवर आहे, गिऱ्हाईक थांबून बघतात. एजन्सीने परत पाठवला. कारण काय, तर मॉडेल रिलीज नाही. राग आला होता खूप.

पण दुकानदार म्हणून विचार करा. एजन्सीचं गिऱ्हाईक कोण? जाहिरातवाले, कंपन्या, वेबसाइटवाले. उद्या त्या आजींचा चेहरा गुडघेदुखीच्या तेलाच्या पाकिटावर छापून आला आणि घरच्यांनी विचारलं, "परवानगी कुणी दिली?" तर? म्हणून ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची लेखी संमती लागते. लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही. तपासणाऱ्याला फोटो आवडला की नाही हा भाग नंतरचा. घेणाऱ्याला तो बिनधास्त वापरता येईल का, हे तो आधी बघतो.

मग वारीचे फोटो पाठवायचेच नाहीत का? पाठवायचे, पण 'एडिटोरियल' म्हणून. म्हणजे बातमी, लेख, पुस्तक यांना चालतील, जाहिरातीला नाही. शटरस्टॉकला त्यासाठी कॅप्शनमध्ये ठिकाण, तारीख आणि काय घडतंय ते साधेपणाने लिहावं लागतं. आणि इथे फोटोतलं काही पुसायचं नाही, जे दिसलं तेच.

जाहिरातीसाठीच्या फोटोत मात्र उलटं. माझा मिसळीचा फोटो गेला तो मागच्या सॉसच्या बाटलीवरच्या नावामुळे! कपड्यावरचा लोगो, मोबाईलची खूण, दुकानाची पाटी, भिंतीवरचं कुणाचं तरी चित्र, हे सगळं क्लिक करायच्या आधीच फ्रेममधून बाजूला करा. नंतर पुसत बसण्यापेक्षा बाटली उचलणं सोपं.

आता तांत्रिक बाजू. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं. कॉम्प्युटरवर 100 टक्के झूम करून बघा. दिवाळीच्या रात्रीचा फोटो नंतर उजळ केला की सावलीत दाणे दाणे दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. फोकस डोळ्यांऐवजी कानावर गेलेला असतो. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक दोन्हीकडे किमान 4 मेगापिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो तिथेच पडतो. मूळ फाईलच वापरा.

एकाच जास्वंदीचे 15 फोटो पाठवू नका, 'सिमिलर कंटेंट' म्हणून जातील. त्यातले दोन निवडा. कीवर्डही जे फोटोत आहे तेवढेच. मिसळीला 'पिझ्झा' लिहून विक्री वाढत नाही. (हो, असं करणारे आहेत.)

आणि नाकारलेला फोटो काही न बदलता पुन्हा पुन्हा पाठवू नका. कारण वाचा, दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर सोडून द्या.

त्या लेन्सवाल्याचे 12 फोटो आम्ही दोघांनी बसून पाहिले. 7 लोगो किंवा रिलीजमुळे गेलेले, 3 एकसारखे, 2 फोकसचे. म्हणजे नवी लेन्स आली असती तरी 10 फोटो परतच येणार होते. वर शटरस्टॉकवर नवीन माणसाचा वाटा 15 टक्क्यांपासून सुरू होतो आणि लेव्हल दर 1 जानेवारीला पुन्हा पहिल्यावर येते. त्यातून लेन्सचा हप्ता कसा निघणार? त्याने लेन्स रद्द केली, रिलीजच्या फॉर्मच्या 20 प्रती काढल्या आणि पहिली सही स्वतःच्या बहिणीची घेतली.