नोकरदार मातेसाठी दूध काढण्याचा पंप : निवड आणि वापर

जन्मापासून पहिले सहा महिने बालकास आईच्या दुधाखेरीज अन्य कशाचीही, अगदी पाण्याचीही, आवश्यकता नसते. त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. हा उपदेश गावोगाव पोहोचला आहे. परंतु माता कामावर रुजू होते त्या दिवशी तो पाळावयाचा कसा, याचे उत्तर तिला क्वचितच कोणी देते.

एखाद्या प्राथमिक शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. तिला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळाली आणि त्यांपैकी ४२ दिवस प्रसूतीपूर्वीच खर्ची पडले, तर मागे १३८ दिवस उरतात. म्हणजे ती शाळेत परत येते तेव्हा मूल जेमतेम साडेचार महिन्यांचे असते. शाळा आणि प्रवास मिळून ती सात-आठ तास घराबाहेर राहते. एवढा वेळ दूध काढले गेले नाही तर स्तन दाटतात, गाठी होतात, प्रसंगी ताप येतो. शिवाय विहिरीचा उपसा थांबला की झरे मंदावतात, तसे दूधही हळूहळू कमी होते. ‘दूध आटले’ असे म्हणून घरात पावडरीचा डबा येतो तो बहुधा याच वेळी. वस्तुतः दूध आटलेले नसते. त्याचा उपसा थांबलेला असतो.

प्रथम हात, मग यंत्र

दूध काढण्याचे पहिले साधन म्हणजे मातेचा स्वतःचा हात. त्यास खर्च नाही, वीज नाही. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. अंगठा स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या वरच्या कडेला व बोटे खालच्या कडेला ठेवावीत. प्रथम छातीच्या दिशेने हलका दाब द्यावा, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबावीत आणि सैल सोडावीत. बोटे कातडीवर घासू नयेत. थोड्या वेळाने त्यांची जागा बदलावी. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील चीक तर हातानेच काढणे इष्ट, कारण तो थोडा व दाट असल्याने यंत्राच्या भागांना चिकटून वाया जातो.

जिला कधीमधीच दूध काढावे लागते, तिला हात किंवा हाताने चालवावयाचा साधा पंप पुरेसा आहे. रोज कित्येक तास बाहेर राहणाऱ्या मातेस, अथवा जिचे अपुऱ्या दिवसांचे मूल अद्याप ओढू शकत नाही अशा मातेस, विजेच्या पंपाचा खरा उपयोग होतो.

पंपाचे कार्य

स्वीडनमधील अभियंता आयनार एग्नेल याने १९५० च्या दशकात या यंत्राचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आजचे पंपही त्याच तत्त्वावर चालतात : मोटर नरसाळ्यात निर्वात ओढ निर्माण करते, लगेच ती सोडते आणि हा क्रम लयीत चालू राहतो. मूल आधी भरभर व हलके चोखते. पान्हा सुटला की संथ व खोल ओढते. चांगल्या पंपात या दोन्ही गती असतात.

जाहिरातींत बहुधा ओढीच्या जोराचाच गौरव केलेला आढळतो. जोर अधिक म्हणजे दूध अधिक, ही समजूत मात्र चुकीची आहे. वेदना झाल्यास पान्हा अडतो. म्हणून मातेला न दुखता सोसवेल तीच ओढ योग्य होय.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

बाजारात विजेचे पंप दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतात व किंमत पुढे बरीच चढते. परवडणारा पंप निवडताना पुढील बाबी तपासाव्यात.

१. ओढ आणि गती कमी-अधिक करता यावी. यंत्र सुरू करून पाहावे. ते ओढते तसेच प्रत्येक वेळी पूर्ण सोडतेही, याची खात्री करावी. सतत ओढत राहणारे यंत्र इजा करते.

२. नरसाळे मापाचे असावे. पुष्कळ पंपांबरोबर २४ मिलिमीटरचे नरसाळे येते, परंतु एकच माप सर्वांना बसत नाही. स्तनाग्र नळीत मोकळेपणे हलावे. ते घासू नये आणि भोवतीचा काळसर भाग फारसा आत ओढला जाऊ नये. निराळी मापे सुटी मिळतात काय, हे विचारून घ्यावे.

३. दूध मोटरीच्या बाजूला शिरू नये यासाठी मध्ये पडदा असलेली बंद रचना पसंत करावी. उघड्या रचनेच्या पंपात दूध नळीत वा मोटरीत गेले, तर ते भाग नीट स्वच्छ करता येत नाहीत.

४. रबरी झडप व पडदा झिजले की ओढ कमी होते. हे स्वस्त भाग सहज मिळणार नसतील, तर अल्प किमतीचा पंपही काही महिन्यांत निरुपयोगी होतो.

५. जेथे वीज वारंवार जाते तेथे पुनर्भरण होणारी बॅटरी हवी. आवाज मर्यादित असावा, कारण शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत त्याचा संकोच वाटतो.

६. दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी काढणाऱ्या दुहेरी पंपाने वेळ वाचतो. ज्या मातेला मधल्या सुटीचाच वेळ मिळतो, तिने थोडी अधिक किंमत यासाठी द्यावी; सजावटीच्या सोयींसाठी देऊ नये.

घरगुती पंप एकाच मातेच्या वापरासाठी असतो. नणंद-भावजयींनी तो आलटून पालटून वापरणे किंवा जुना विकत घेणे काटकसरीचे वाटले तरी त्यात संसर्गाचा धोका आहे. रुग्णालयासाठी बनविलेला बंद रचनेचा पंप मात्र अनेक मातांस वापरता येतो. तेथेही नरसाळे, नळी व बाटली प्रत्येकीची स्वतंत्र असावी लागते.

स्वच्छता आणि साठवण

दुधाचा स्पर्श होणारे सर्व भाग प्रत्येक वापरानंतर सुटे करून साबणाच्या पाण्याने धुवावेत व पूर्ण वाळवावेत. मूल लहान असेपर्यंत दिवसातून एकदा ते पाच मिनिटे उकळावेत. मोटर पाण्यात घालू नये.

काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवून त्यावर वेळ लिहावी. २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ते चार तास टिकते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा भरवसा धरता येत नाही. तेथे ते ताबडतोब थंड करावे. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या उष्णतारोधक डब्यात ते २४ तासांपर्यंत, तर ४ अंशांच्या फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत राहते. वीज बेभरवशाची असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वापरावे. स्निग्धांश वर तरंगतो म्हणजे दूध नासले असे नव्हे. भांडे हलकेच फिरविल्यास तो मिसळतो. दूध चुलीवर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवून ते ऊन करावे आणि वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ धुतलेल्या बोंडल्याने पाजावे. मुलाने उष्टे ठेवलेले दूध पुन्हा साठवू नये.

रुजू होण्यापूर्वी दोन आठवडे मातेने दूध काढण्याचा व घरातील आजीने ते पाजण्याचा सराव करावा. गाठ, ताप किंवा तीव्र वेदना असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

संस्थेचे कर्तव्य

मातेचे दूध काढून ते सुरक्षितपणे साठविण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. कायद्यानेही साथ दिली आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन विरामांची तरतूद तर पूर्वीपासूनच आहे. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत.

तथापि पुष्कळ शाळा, ग्रामपंचायती व लहान कचेऱ्या ५० च्या आत मोडतात. तेथे पाळणाघर होणार नाही; पण आतून कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची, विजेची जोडणी, हात धुण्यास पाणी आणि वीस-पंचवीस मिनिटांची मुभा एवढे देण्यास मोठ्या निधीची गरज नाही. अनेक ठिकाणी मातेला यासाठी स्वच्छतागृहाचा आसरा घ्यावा लागतो. आपण जेथे जेवण्यास बसणार नाही, तेथे बालकाचे अन्न काढावयास लावणे योग्य नव्हे.

मातेने पंप कितीही पारखून घेतला तरी वेळ आणि जागा ती विकत घेऊ शकत नाही. त्या मुख्याध्यापक, कार्यालयप्रमुख व सरपंच यांच्या हाती आहेत. रजेवरून परतणाऱ्या महिला कर्मचाऱ्याची सोय तिने मागण्यापूर्वीच करून ठेवली, तर तिला नोकरी आणि मुलाचे दूध यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी येणार नाही.