'ट्वायलाइट' आणि ग्रंथालयाचे कपाट

ग्रंथालयात कोणते पुस्तक असावे आणि कोणते नसावे, हे कोणी ठरवावयाचे? पालकांनी, ग्रंथपालांनी की वाचकांनी? प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत एका लोकप्रिय कादंबरीच्या निमित्ताने तो पुन्हा उभा राहिला. ती कादंबरी म्हणजे स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट'. प्रस्तुत लेखात तिच्या वाङ्मयीन गुणांपेक्षा ग्रंथालयातील तिच्या स्थानाचा विचार करावयाचा आहे.

'ट्वायलाइट' २००५ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिचे आणखी तीन भाग निघाले. चौथा २००८ साली. सतरा वर्षांची बेला वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या पावसाळी गावी वडिलांकडे राहावयास येते आणि वर्गातील एडवर्डच्या प्रेमात पडते. हा एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारी असताना व्हँपायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च, झालेला असतो. त्याचे कुटुंब मनुष्यरक्त वर्ज्य मानून जनावरांच्या रक्तावर जगते. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) जे पात्र भीतीचा विषय होते, ते येथे प्रेमाचा विषय झाले आहे.

आता ग्रंथालयाकडे वळू. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या युवा विभागाने २००६ साली या कादंबरीची किशोरवयीनांसाठी शिफारस केली. वाचनाचा कंटाळा असणाऱ्या मुलांसाठीच्या यादीतही तिला स्थान दिले. पुढे त्याच संघाच्या दुसऱ्या एका यादीत या मालेचे नाव आले. ग्रंथालयातून वा शाळेतून एखादे पुस्तक काढून टाका, अशा ज्या हरकती येतात, त्यांची नोंद संघ ठेवतो. त्या यादीत ही माला २००९ साली पाचव्या आणि २०१० साली दहाव्या क्रमांकावर होती. हरकती अर्थातच संघाच्या नव्हेत. पुस्तके अशा दडपणाखाली काढू नयेत, हे त्याचे धोरण १९३९ पासूनचे आहे.

हरकतींची कारणे पाहण्याजोगी आहेत. लैंगिक वर्णने, धार्मिक दृष्टिकोन, वयाला अयोग्य मजकूर आणि हिंसा ही ती कारणे होत. वस्तुतः नायक-नायिका विवाहापर्यंत संयम पाळतात, आणि विवाह होतो तो चौथ्या भागात! मला स्वतःला खटकते ते निराळेच. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. तिसऱ्या भागात तिने आपल्या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिची गाडीच बंद पाडून ठेवतो. कादंबरी याला काळजी म्हणते. परंतु पाळत ठेवणे म्हणजे प्रेम काय? कॉलेजच्या फाटकापासून एस.टी. स्टँडपर्यंत कोणी मागे मागे येत असेल, तर त्यातील 'प्रेम' कसले असते, हे आम्हा मुलींना सांगावयास नको. हरकतींच्या त्या कारणांत ही गोष्ट मात्र नाही.

मग पुस्तक कपाटातून काढावे काय? मला तसे वाटत नाही. माझ्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अभ्यासक्रमाबाहेरचे पूर्ण वाचलेले माझे पहिले इंग्रजी पुस्तक हेच. शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. ज्याच्या घरी वाचनाची सवय नाही, त्याला पहिले पुस्तक ओढ लावणारेच हवे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, असा त्यांतील एका नियमाचा आशय आहे. 'त्याचे' या शब्दात नवशिक्या वाचकाची आवडही येते, असे मी समजते.

मात्र पुस्तक नुसते ठेवून भागत नाही. बेलाला 'वदरिंग हाइट्स' ही एमिली ब्राँटेची १८४७ सालची कादंबरी प्रिय आहे. २००९ साली एका प्रकाशनसंस्थेने बेला-एडवर्डचे नाव मुखपृष्ठावर छापून 'ट्वायलाइट'सारख्याच काळ्या वेष्टनात ती नव्याने काढली. त्यात व्यापार होता खरा. पण ग्रंथपालाने घ्यावा असा धडाही होता. 'ट्वायलाइट'शेजारी 'वदरिंग हाइट्स' आणि 'ड्रॅक्युला' ठेवली, तर एका पुस्तकावरून वाचक दुसऱ्याकडे जाईल. हीथक्लिफचे दाहक प्रेम वाचल्यावर एडवर्डच्या पहाऱ्याकडेही तो निराळ्या नजरेने पाहू लागेल.

पुस्तक काढून टाकले की त्यावरची चर्चाही संपते, आणि खटकणारी गोष्ट मनात तशीच राहते. म्हणून ग्रंथालय समितीस माझी एक नम्र सूचना आहे. मुलांनी सुचविलेल्या पुस्तकांसाठी एक खण राखून ठेवावा आणि महिन्यातून एकदा त्यांतील एका पुस्तकावर प्राध्यापकांच्या उपस्थितीत चर्चा ठेवावी. आरंभ 'ट्वायलाइट'पासून करावयाचा झाल्यास, 'एडवर्डची काळजी ही काळजी की पहारा?' या विषयावर बोलावयास मी तयार आहे.